नेलपॉलिशचा ठिपका

एनेरोलिसाने टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं काढली. लोक बिघाड सांगतात, आपण काय केलं ते सांगत नाहीत, एवढं शहाणपण तिने तिथून घरी आणलं. आता ती निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, पण बानी गावातल्या आमच्या गल्लीत कुणाचं इंटरनेट रुसलं की हाक तिलाच जाते. कंपनीचा माणूस चौथ्या दिवशी उगवतो. ही हातातली कॉफी संपवून येते.

त्या मंगळवारी सव्वातीनला युदेल्का तिला अक्षरशः ओढत घेऊन गेली. माझं दुकान समोरच, गिऱ्हाईक नव्हतं, मीही मागोमाग गेलो. नाक खुपसायची मला सवयच आहे.

युदेल्का म्हणजे समोरच्या घरातल्या तातिकाबाईंची धाकटी लेक. चार वाजता तिला परदेशातल्या मुलांना ऑनलाइन स्पॅनिश शिकवून दाखवायचं होतं. पसंत पडलं तर घरबसल्या नोकरी. नाहीतर राजधानीत बहिणीकडे राहून कॉल सेंटर, आणि आई इथे एकटी. बॅग अर्धी भरलेली मी स्वतः पाहिली. घर लांबट, भिंती जाड, म्हणून तिने मेश राउटरच्या दोन पांढऱ्या डब्या घेतल्या होत्या. मुख्य डबी बैठकीत मोडेमला वायरने जोडलेली; दुसरी मागच्या खोलीत, तिच्याकडून बिनवायरीचं नेट घेणारी.

"लाल दिवा जातच नाही! तीनदा बंद करून चालू केलं," युदेल्का रडकुंडीला आली होती.

"चौथ्यांदा करू नकोस. आज लाइट गेली होती ना? तेव्हा डब्यांना हात कुणी लावला?"

"कुणी नाही," मायलेकी एकदम म्हणाल्या. तातिकाबाई जरा जास्तच जोरात.

आमच्याकडे लाइट गेली की घरातल्या मोठ्या बाईने प्लग उपटत फिरायचं, ही रीतच आहे. वीज परत येते ती उसळून येते. तातिकाबाईंचा फ्रिज असाच एकदा धूर काढून गेला. तेव्हापासून लाइट आल्यावर गल्लीभर "आली! आली!" असा गलका झाला, तरी त्या चांगली पंधरा मिनिटं थांबून मग एकेक प्लग लावतात.

एनेरोलिसाने बैठकीतली डबी उलटी केली. "माझा ठिपका कुठाय?"

जानेवारीत डब्या बसवताना तिने मुख्य डबीच्या बुडाला आपलं लाल नेलपॉलिश लावलं होतं. ठिपकेवाली डबी मागच्या खोलीत सापडली.

"तातिका, डब्या पुसल्यास ना?"

"पुसल्या," तातिकाबाई खाली बघत म्हणाल्या. "प्लग काढलेच होते, धूळ दिसली. दोन्ही एकाच फडक्यावर ठेवल्या. मेल्या दिसतातही एकसारख्या! पोरीचं काम जळू नये म्हणून काढले गं मी."

युदेल्काने ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मलाही वाईट वाटलं.

एनेरोलिसाने डब्यांची अदलाबदल केली. मग बोळातल्या पंख्याचा प्लग काढून तिथे मोडेम आणि मुख्य डबी लावली.

"माझा पंखा!" तातिकाबाई कळवळल्या.

"पंख्याने घाम जातो, याने पोट भरेल. बैठकीतला प्लग इन्व्हर्टरवर नाही, हा आहे. मागच्या खोलीतलाही आहे."

दिवा लुकलुकला आणि चारला दहा कमी असताना पांढरा झाला. युदेल्काने मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

चार वाजून वीस मिनिटांनी लाइट गेली. गल्ली एकसुरात कण्हली. दाराआडून मात्र युदेल्काचा आवाज चालूच होता, मांजर, कुत्रा, घोडा. तातिकाबाई सवयीने उठल्या, हात थेट प्लगपर्यंत गेला. एनेरोलिसा नुसती बघत राहिली. तातिकाबाईंनी हात मागे घेतला, खुर्ची ओढली आणि प्लगला पाठ लावून बसल्या. मी नुसता पाय हलवला तर म्हणाल्या, "जवळ याल तर बघा!"

पाचला दार उघडलं. युदेल्काचे डोळे भरलेले होते. "सोमवारपासून ये म्हणाले, आई!" म्हणत ती धावली.

तातिकाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तिथेच थांब, वायरीत पाय अडकेल," त्या म्हणाल्या. "आधी लाइट येऊ दे, वर पंधरा मिनिटं जाऊ देत. मग मार मिठी."