चौदा बटणं आणि शकूर सर

शकूर सर गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला, तेव्हा मी बारामतीच्या ऑफिसात बसून पडद्यावरच्या एका बटणाचा निळा रंग गडद करावा की नको यावर वाद घालत होतो. "अब्बा गेले सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला... आणि निळा गडद केला. माझी लायकी कळावी म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

पुढच्या आठवड्यात संस्थेत शोकसभा झाली. अंधांसाठी ब्रेल पुस्तकं छापणारी ही संस्था. सर स्वतः अंध, तिथं छपाईआधी पुस्तकं बोटानं तपासायचे. अध्यक्षांनी सांगितलं, की ब्रेल तपासायच्या आपल्या सॉफ्टवेअरनं सरांचं जीवन उजळून टाकलं. अंध माणसाबद्दल बोलताना या मंडळींना उजेडाखेरीज दुसरं काही सुचत नाही. लोकांनी टाळ्याही वाजवल्या, शोकसभेत! खरी गोष्ट अशी, की सरांनी ते सॉफ्टवेअर एक दिवसही वापरलं नाही. कारण ते मी बनवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ते बघायला सर त्यांच्या गावाहून, अंथुर्ण्याहून एसटीनं संस्थेत आले, खुर्ची ओढून बसले. कीबोर्डपुढं ब्रेलची पट्टी असते. तिच्यातल्या बारीक टाचण्या वर-खाली होऊन बोटाखाली ठिपके उमटतात. पडद्यावर मी चौदा रंगीत बटणं मांडली होती आणि मोठ्या कौतुकानं एकेक समजावत होतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अमोलराव, ह्यातलं बोटाला काय कळतंय?"

"सर, दिसायला फार सुरेख झालंय हो," अध्यक्ष मध्येच म्हणाले. अंध माणसाला! मी हसलो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

सरांनी पट्टीवर एक चूक शोधली, अक्षर बदललं. त्याबरोबर पट्टी उडी मारून पानाच्या पहिल्या ओळीवर गेली. पुन्हा जागा शोधली, दुसरं अक्षर बदललं, पुन्हा तेच. "वावरातला एक ऊस काढला म्हणून बांधावर जाऊन पयल्यापासनं सऱ्या मोजायच्या व्हय?" त्यांनी विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "चूक मला घावती. दुरुस्त करायला मात्र डोळस माणूस बोलवावा लागतो. तीस वर्सं हेच चाललंय. तेवढं एक सुटलं तर बघा. रंग ऱ्हाऊ द्या."

मागणं एवढंच होतं. दुरुस्ती केल्यावर बोट जिथं आहे तिथंच राहावं, आणि आपली चूक आपल्याला सुधारता यावी. मी म्हणालो, चार दिवसांचं काम आहे, पुढच्या आवृत्तीत करू. उद्घाटनाचे पाहुणे ठरले होते ना! पाहुण्यांना पट्टी थोडीच वाचता येणार होती? त्यांना बटणं दिसणार होती.

उद्घाटनाला सरांना शाल घालून मशीनपुढं बसवलं, हात पट्टीवर ठेवायला लावले. फोटोवाला म्हणाला, थोडं हसा. सर माझ्याकडं मान वळवून हळूच म्हणाले, "हे बंद हाय." घाईत पट्टीची वायर जोडायची राहिली होती. फोटो मात्र झकास आला. शोकसभेत हार घातला तो त्याच फोटोला.

पुढची आवृत्ती आली, तिच्यात सोळा बटणं होती. सर फोनवर विचारायचे, "माझं झालं का वो?" मी म्हणायचो, यादीत घेतलंय. अशी कामं 'घेतलेली' ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सर कधी चिडले नाहीत, याचा मला आता राग येतो. शिव्या घातल्या असत्या तर कदाचित लाजेनं तरी केलं असतं... छे, तेव्हाही केलं नसतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी ते करायला बसलो. चार दिवसांचं काम दुपारच्या चहाआधी संपलं.

तपासायला बोटानं वाचणारं माणूस हवं. मला ब्रेल फक्त डोळ्यांनी वाचता येतं. सरांच्या जागी आता त्यांची विद्यार्थिनी वैशाली बसते. तिनं आधी बोटांची टोकं ओढणीला नीट पुसली. सरांच्या हाताखाली शिकलेली सगळी मुलं असंच करतात. तिनं एक अक्षर बदललं, थांबली. दुसरं बदललं. मग भराभर अख्खं पान दुरुस्त केलं, कुणालाही हाक न मारता.

"दादा, हे तर जागचं हलतच न्हाय!" ती हसली. "सरांना दावलं हुतं का?"

मी हो म्हणालो.