तुटलेला विशबोन

"रिपोर्ट छोटा ठेव. ड्रायव्हर एरर. स्पॉन्सरला उद्या द्यायचाय." आमचे मालक मोहितेसाहेब केबिनच्या दारातूनच म्हणाले.

"अजून पार्ट बघतोय, सर," मी म्हणालो. तुटलेला विशबोन माझ्यापुढे टेबलावर होता.

मी रेसिंग कार डिझाइन करतो. तेव्हा आमचं वर्कशॉप रांजणगाव एमआयडीसीत होतं. आजूबाजूला मोठमोठे कारखाने, कंपनीच्या बसेस, शिफ्टचे भोंगे, आणि एका शेडमध्ये आम्ही सातआठ जण एकच माणूस बसेल अशी उघड्या चाकांची गाडी बनवायचो. विशबोन म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा पाइपांचा सांगाडा. तो तुटला की चाकावर कुणाचाच ताबा राहत नाही.

आदल्या आठवड्यात ट्रॅकवर टेस्टिंगला तो तुटला. सरळ पट्टा संपताना ब्रेक लागला आणि गाडी डावीकडच्या भिंतीवर गेली. आत ऋतुजा होती. केडगावची, शेवंती लावणाऱ्या घरातली. गो-कार्टिंग करत करत वर आलेली आणि आम्ही पाहिलेली सगळ्यात शांत ड्रायव्हर. कॉकपिट टिकलं म्हणून जीव वाचला. डावा घोटा मात्र चिरडला. अँब्युलन्स ट्रॅकच्या बाहेर पडायच्या आत कुणीतरी म्हणालं, "पोरीला स्पीड झेपला नाही." संध्याकाळपर्यंत सगळे तेच बोलत होते.

मी भिंग घेऊन तुटलेली कड पाहिली. धातू एका दणक्यात तुटला तर सगळी कड खरखरीत, चमकदार दिसते. इथे वेल्डिंगजवळची निम्मी कड गुळगुळीत आणि काळपट होती. म्हणजे भेग आधीपासून होती, हळूहळू वाढत गेली, आणि उरलेला पाइप त्या दिवशी तुटला. वेल्डिंग आतपर्यंत उतरलंच नव्हतं.

मग डेटा लॉगर उघडला. गाडीत काय काय घडलं ते नोंदवणारा हा डबा. ब्रेक नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच जोराने. स्टिअरिंग सरळ. डाव्या चाकाचा सिग्नल आधी गेला. तिने स्टिअरिंग फिरवलं ते त्यानंतर, गाडी सावरायला.

मी ते घेऊन मोहितेसाहेबांकडे गेलो. "सर, या लॉटची क्रॅक टेस्ट झाली होती का?"

ही टेस्ट साधी असते. पार्टला लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. भेग असेल तर लाल रेघ उमटते.

साहेब म्हणाले, "पार्ट उशिरा आले. तू चेन्नईला होतास. स्पॉन्सरची माणसं ट्रॅकवर यायची होती. म्हटलं, टेस्ट नंतर करू."

"मग तेच लिहितो."

"लिही. मी माझा रिपोर्ट पाठवीन. टीम बंद पडली तर हे सातआठ जण कुठं जातील, ते पण लिही त्यात."

मी शेडमध्ये गेलो आणि त्या लॉटच्या उरलेल्या विशबोनना लाल रंग लावला. त्यातल्या दोन विशबोनवर रेघा उमटल्या. रेघांचे फोटो काढले आणि सगळेच विशबोन ग्राइंडरने कापून टाकले.

"कंपनीचा माल आहे तो," साहेब मागून म्हणाले.

"म्हणूनच कापला. नाहीतर पुन्हा गाडीला लागला असता," मी म्हणालो. राजीनामा त्याच दिवशी दिला.

दुसऱ्या दिवशी न्हावरा, चौफुला करत केडगावला गेलो. ऋतुजाचे वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, अंगणात फुलांचे क्रेट धूत होते. हात पुसत म्हणाले, "सायब, पोरीचं चुकलं म्हणत्यात. ती जेवत न्हाई. तुमी तर खरं सांगा."

"आप्पा, तिचं काही चुकलं नाही. पार्ट खराब होता. तपासायला हवा होता, तपासला नाही."

आप्पा म्हणाले, "तिला सांगा. मला सांगून काय व्हायचंय?"

आत ऋतुजा पलंगावर होती. पायातून स्टीलच्या सळ्या बाहेर आलेल्या. मी लॅपटॉपवर ग्राफ दाखवला. तिने बराच वेळ पाहिला. एकदा बोटाने मागे नेऊन पुन्हा पाहिला.

"म्हंजी चाक गेल्यावर मी जे केलं, त्याचा काही उपयोगच नव्हता?"

"नव्हता."

"सर, रोज डोळे मिटून तो ब्रेक मारतीय मी. कधी अलीकडं, कधी पलीकडं. म्हटलं, चूक सापडली की सुधारता येईल." तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आता काय सुधारू?"

आप्पांनी चहा आणला, तो गार झाला.

स्पॉन्सरला मी माझा रिपोर्ट फोटोंसकट पाठवला. उत्तर आलं नाही. काही महिन्यांत टीम बंद पडली. मी आता ट्रेलरच्या अ‍ॅक्सलचं डिझाइन करतो. ऋतुजा चालते, थोडी लंगडत. गाडीत मात्र ती मागच्याच सीटवर बसते.

खरं कळलं की माणसाला बरं वाटतं, असा माझा समज होता. तसं होईलच असं नाही. तरी पार्ट आधी तपासावा, आणि मगच माणसाचं नाव घ्यावं.