अण्णांच्या रॉडला जाड लाइन

ही गोष्ट मुग्धाला माहीत नाही. मुग्धा माझी बायको. तिच्यापासून मी फारसं काही लपवत नाही, पण हे लपवलं. ऐकायला तशी किरकोळच वाटेल तुम्हाला. मासे पकडायच्या रॉडला कोणती लाइन, म्हणजे गळाची दोरी, बांधली — एवढंच. एवढंच तर आहे.

आई गेल्यावर मी वडिलांना, अण्णांना, आमच्याकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आणलं. कायमचं. भंडाऱ्याच्या घराला कुलूप लावलं, किल्ली बहिणीकडे दिली. इथे त्यांना करमेना. आम्ही दोघं कामावर, मुलगी इरा शाळेत, आणि ते दिवसभर खिडकीशी बसून पार्किंग लॉटकडे बघत. म्हणून एका शनिवारी मी त्यांना जवळच्या तळ्यावर नेलं.

त्या तळ्यावर मी काही वर्षं जात होतो. ऑफिसमधल्या एकाने नाद लावला होता. शनिवारची सकाळ तेवढी माझी असायची. तिथे मिळतो तो तळहाताएवढा मासा — ब्लूगिल आणि त्याचे भाऊबंद. फ्राइंग पॅनमध्ये अख्खा मावतो म्हणून पॅनफिश म्हणतात. तोंड इवलंसं. गळ नुसता चाखून बघतो आणि जरा संशय आला की थुंकतो. त्यामुळे त्याच्यासाठी जिग, म्हणजे शिशाचा मणी बसवलेला गळ, अगदी हलकी लागते. मसुरीच्या दाण्याएवढी. आणि लाइन केसासारखी बारीक, म्हणजे ती जिग पाण्यात आपसूक, हळूहळू उतरते. जाड लाइन हलक्या जिगला खाली जाऊच देत नाही. मग जड जिग लावायची, आणि जड जिगला हा मासा तोंड लावत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो — मला ठाऊक होतं.

अण्णांनी भंडाऱ्याच्या तलावांवर सगळी हयात बांबूच्या काठीने मासे धरले. आता शुगरमुळे त्यांची बोटं बधिर झाली होती. जवळचं दिसायचं नाही, गाठ मारता यायची नाही. गाठी मी मारून दिल्या. बारीक लाइन, हलकी जिग, माझ्या रॉडला होती तशीच. पण लांबची नजर शाबूत होती. रॉडचं टोक किंचित थरथरलं की मनगट फिरलंच. त्या सकाळी त्यांनी इतके मासे काढले की काठावरची माणसं आपापल्या खुर्च्या सोडून बघायला आली. कुणी फोटो काढले. अण्णांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, ते नुसते हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मुग्धाने तांदळाच्या पिठात घोळवून मासे तळले. इरा आजोबांना चिकटून बसली होती. म्हणाली, “बाबा, आजोबा इज सो मच बेटर दॅन यू.” सगळे हसले. मीही हसलो.

एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. लहानपणी तलावावर माझ्याकडून मासा निसटला की अण्णा काही बोलायचे नाहीत, माझ्या हातातली काठी काढून घ्यायचे. मी मग पिशवी धरून मागे उभा. हे मी कारण म्हणून सांगतोय का? नाही बहुतेक. किती मुलांच्या हातातून काठ्या काढून घेतल्या जातात. ती मुलं मोठी होऊन असं करतात का?

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी गराजमध्ये बसलो आणि अण्णांच्या रॉडवरची बारीक लाइन उतरवली. मोठ्या बास माशासाठी आणलेली जाड लाइन चढवली आणि तिला जड जिग बांधली. हात स्थिर होते. अण्णा दारात येऊन उभे राहिले, काय चाललंय विचारलं. मी म्हणालो, तुटू नये म्हणून मजबूत लाइन लावतोय. ते म्हणाले, “बरं केलंस.”

दुसऱ्या दिवशी त्यांना एकही मासा लागला नाही. मला लागले. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, माझ्या बारीक लाइनवर. एकेक काढत होतो, सोडत होतो. आनंद झाला का? पहिल्या एक-दोन माशांना झाला असेल. नंतर काहीच वाटेना. तरी मी काढत राहिलो.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. इरा कंटाळली, यायची बंद झाली. अण्णा मात्र येत राहिले, टोपी घालून, त्या टोकाकडे नजर लावून. जाड लाइनवर ते टोक कशाला हलणार होतं? एकदा त्यांनी लाइन गुंडाळून रॉड माझ्यापुढे धरला.

“बाबू, पाह्य बरं. बांधण्यात काही चुकलं तर नाही ना?”

मी जिग हातात घेतली. गाठ ओढून पाहिली. लाइन बोटांमधून फिरवली — त्यांना ती जाडी कळत नव्हती, मला कळत होती.

“नाही अण्णा, सगळं बरोबर आहे,” मी म्हणालो.

बारीक लाइनचं रीळ माझ्या खिशात होतं. बदलायला कितीसा वेळ लागला असता? मी जिग पुन्हा पाण्यात टाकली आणि रॉड त्यांच्या हातात दिला. बऱ्याच वेळाने ते पाण्याकडे बघतच म्हणाले, “माझा हात गेला रे.”

मी ऐकलं.

झाडांची पानं रंग बदलू लागली तेव्हा त्यांनी तळ्यावर येणं सोडलं. तू जाऊन ये म्हणायचे. पुन्हा खिडकी, पुन्हा पार्किंग लॉट. थंडी सुरू झाल्यावर म्हणाले, मला भंडाऱ्याला पोचव. मुग्धा रडली, आमचं काही चुकलं का म्हणून विचारत राहिली. ते म्हणाले, तुमचं काही नाही पोरी, मलाच इथे काही जमत नाही आता. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिकीट काढलं.

ते भंडाऱ्याला गेल्यावर मी त्यांचा रॉड भिंतीवरून काढला आणि त्याला पुन्हा बारीक लाइन चढवली. का? कुणासाठी? ते मला आजही कळलेलं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ते विचारायचे, मासे लागतात का. मी म्हणायचो, लागतात. ते म्हणायचे, वा. प्रत्येक रविवारी वाटायचं का, की आज सांगून टाकावं? खरं सांगायचं तर नाही वाटायचं. जिथे तसं वाटायला हवं, तिथे काही उरलंच नव्हतं जणू. त्यांच्या बधिर बोटांसारखं. बहिणीने सांगितलं, तिने काठी आणून दिली तरी ते तलावावर जात नाहीत. म्हणतात, अमेरिकेत पोराने सगळं नीट बसवून दिलं होतं, तरी एक मासा लागला नाही, आता काय जायचं.

दोन वर्षांनी अण्णा गेले. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं.

तेराव्याला पंगत बसली. माझ्या शेजारी अण्णांचे जुने मित्र होते, त्यांच्याबरोबर तलावावर जाणारे काका. जेवता जेवता ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की तुझ्या बापाने आम्हाला किती वेळा सांगितलं — पोरगा दर शनिवारी मला तळ्यावर न्यायचा, स्वतःच्या हाताने गळ बांधून द्यायचा. असा पोरगा कुणाला मिळतो? समोरच्या रांगेतल्या दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीने डोळ्यांना पदर लावला.

मी मान हलवली. वाढणारा माझ्यापुढे वरणाचं भांडं घेऊन वाकला होता. मी म्हणालो, वाढा. आणि जेवलो.