देवीचे शेजारी
ओल्या खोबऱ्याचा वास आला की बाळकुममधलं आमच्या सोसायटीचं गेट आठवतं. जुन्या गावाची शेंदूर लावलेली देवी आमच्या खिडकीखालीच होती. आम्ही तिला ‘आमच्या पार्किंगमधली देवी’ म्हणायचो. एका रविवारी इंटरकॉमवर वॉचमन म्हणाला, “गावातली म्हातारी आलीये, देवीला नारळ फोडायचाय. आत सोडायला रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर लागतो, तुमचा टाकू?” घरी पाहुणे जेवत होते. मी म्हटलं, “नको रे, कोण कुठली, आपल्या ओळखीची नाही.” पाहुणे गेल्यावर खाली उतरलो. तिने गेटबाहेरच, रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडला होता आणि देवीच्या दिशेने हात जोडून गेली होती. वॉचमनने कागदात गुंडाळलेली खोबऱ्याची अर्धी वाटी माझ्या हातात ठेवली. “म्हातारी बोलली, देवीच्या शेजाऱ्यांना दे.”