परसाकडे

सकाळी संडासात फिनाईल टाकलं आणि त्या वासाने बाबा आठवले. सांडोरची केळीची वाडी विकून आम्ही नालासोपाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, त्याची पहिली सकाळ. पाण्याचा डबा घेऊन ते बाहेरच्या दाराकडे निघाले होते.

"कुठे, बाबा?"

"परसाकडे."

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. शौचाला जाण्यासाठी आमच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. मी घरातलंच संडासाचं दार उघडून दाखवलं. भिंतीपलीकडे बायको भाकऱ्या थापत होती.

"इथे? चुलीशेजारी?" ते हळू आवाजात म्हणाले.

त्या दिवसापासून ते अर्धीच भाकरी खायचे. मी भूक वाढायचं टॉनिक आणलं. तेही ते मुकाट्याने प्यायले.

त्या अर्ध्या भाकरीचं कारण आता कळतं: कमी खाल्लं की चुलीशेजारी कमी वेळा जावं लागे. मला स्वतःला मात्र या दाराचं काहीच वाटत नाही. मी बादलीभर पाणी ओतलं आणि दार लावून घेतलं.