गेलेल्यांचं काहीतरी

सौंसरच्या शाळेमागच्या खोलीत गावातल्या एका हौशी गृहस्थांनी संग्रहालय मांडलं होतं. जंगल तोडून इथे वसलेल्या वऱ्हाडी घरांचे नांगर, दळायची जाती, बैलांच्या घंटा. बाजाराच्या दिवशी ते लोकांना आत ओढत आणि विचारत, "तुमचे लोक कोठून आले?" उत्तर अर्धवट आलं, की पुन्हा विचारत. ते वहीत लिहायचं काम माझ्या, म्हणजे शाळामास्तराच्या, गळ्यात. मी पार वैतागलो होतो.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली. सौंसर मध्यप्रदेशात राहिलं आणि माझी नोकरी मुंबई राज्यात, नागपूरला गेली. निघायच्या सकाळी हे गृहस्थ दारात हजर.

"मास्तर, घरातलं कायीतरी ठेवाले द्या न."

"अहो, मी बांधाबांध करून राहिलो! संग्रहालयात ठेवायला आम्ही मेलो का?"

"आलेल्यांचं सगळं जमवलं. जाणाऱ्यांचं कायीच नाही माझ्यापाशी."

मी तोंड फिरवलं. आईनं मात्र बांधलेलं पोतं सोडून आपला पोळपाट काढला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

नागपुरात महिनाभर आई उलट्या ताटावर पोळ्या लाटत होती. मी चिडून नवा पोळपाट आणायला निघालो, की म्हणायची, "राहू दे रे. आपला आहे तिकडं."