पाखऱ्या मोटेवर चालला

भुताखेताचं सांगणाऱ्याला मी तोंडावर येडा म्हणतो. आजबी म्हणीन. पण ही गोष्ट माझ्याच हातात कासरा असताना झाली, म्हणून लिव्हतोय. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर समजून घ्या.

आमचं गाव नेकनूरपासून आत. नात शीतल संभाजीनगरला गाण्याचं शिकती. दिवाळीनंतर आली आन् म्हणली, "आबा, तुमची मोटेवरची गाणी रेकॉर्ड करायचीत." गावात मोट हाकलेला मी एकटाच उरलोय. मोट म्हंजी विहिरीतून पाणी काढायची चामड्याची थोरली पिशवी. बैल उतारावर पुढं चालले की ती वर यायची. पाणी पाटात पडलं की मी लांब सूर लावायचो, आन् बैल उलट्या पायांनी मागं विहिरीपाशी यायचे. माझ्या सुरावर बैल चालायचे, हे मी अख्ख्या गावाला ऐकवलेलं.

ऐन दुपारी जुन्या विहिरीवर गेलो. फोटोसाठी पाखऱ्या बैल संग घेतला. माझ्या वयाचा गणपाबी आला, फुकटचा तमाशा बघायला.

शीतल म्हणली, "आबा, आधी हे ऐका. अमेरिकेत कापसाच्या रानात राबणारी काळी माणसं शेतात हाळ्या द्यायची, त्यातून हे गाणं आलं. ब्लूज म्हणतात. कुणाकुणाची एखादीच तबकडी निघाली, पुढं त्या माणसाचं काय झालं कुणाला ठाऊक नाही."

फोनमधून आधी नुसती खरखर… मग एक गडी अन् त्याची गिटार.

"हे गाणं व्हय? रडगाणं हाय," मी म्हणलो.

त्या गड्यानं गाण्याची ओळ सरताना सूर लांबवला, तसे पाखऱ्याचे कान उभे ऱ्हायले. आन् तो मागं सरला. सरळ, पाय मोजल्यागत, पार विहिरीच्या काठापाशी येऊन थांबला. दुसरी ओळ लागली तसा उतारावर पुढं. सूर लांबला की पुन्हा मागं. गाणं संपस्तोवर हेच! मी कासरा वढला न्हाई की ढिला सोडला न्हाई. मोट बंद झाली तवा पाखऱ्याची आज्जीबी जन्मली नव्हती.

शीतल कुजबुजली, "आबा, आता तुम्ही म्हणा."

म्हणलो. छाती फुटंस्तोवर म्हणलो. पाखऱ्या जागचा हलला न्हाई.

गणपा हसला, "काय बे, तुझा बैल तर विलायती निघाला!"

माझं टाळकं फिरलं. काठी उचलली आन् पाखऱ्याच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

"आबा, ऱ्हाऊ द्या," शीतलनं फोन बंद केला. सकाळच्या एसटीनं गेली. माझं गाणं ऱ्हायलंच.

ढोराचा डॉक्टर म्हणला, आवाजाला बुजला असंल. बुजलेलं जनावर सरळ मागं येतं व्हय? पोराच्या मोबाइलवर तेच गाणं लई वेळा लावून बघितलं. पाखऱ्या आपला रवंथ करत बसतो. कावून झालं, कसं झालं… मला आजवर उमगलं न्हाई.

शीतल दर रविवारी आज्जीला फोन लावती. मागल्या रविवारी मीच फोन घेतला, म्हणलो, "पोरी, गाणं घ्यायला ये की."

ती म्हणली, "आबा, पाखऱ्या बरा आहे ना?"

त्याच्या पाठीवरचे वळ कवाच गेलेत. तरी माझ्या तोंडून 'हो' निघंना. फोन म्हातारीच्या हातात दिला आन् भाईर येऊन बसलो.